ज्या भुतांवर गोळी झाडता येते

गेले काही महिने फावल्या वेळात मी ब्राउझरमध्ये चालणारा एक लहानसा खेळ लिहितो आहे. त्याचा प्रकार बहुतेकांच्या परिचयाचा आहे. पडद्याच्या डाव्या बाजूला एक माणूस सतत पळत असतो, उजवीकडून खड्डे, दगड आणि भुते येत राहतात, एका कळीने उडी मारायची, दुसरीने गोळी झाडायची, आणि या पळण्याला शेवट नाही. जो काही शेवट होतो तो खेळणाऱ्याच्या हातून चूक घडल्यावर होतो. असे खेळ इंटरनेटवर शेकड्यांनी आहेत आणि त्यांतले बहुतेक एकदा खेळून विसरून जाण्याच्याच लायकीचे आहेत. तरीही खेळ लिहायला बसल्यापासून एक प्रश्न मला सोडत नव्हता: या पळापळीत इतक्या वेळा भुतेच का असतात? दरोडेखोर, रानडुकरे किंवा नुसते घरंगळणारे धोंडे का पुरत नाहीत? भीती वाटावी म्हणून भुते घातली असतील, हे उत्तर मला पटत नाही, कारण असा खेळ खेळताना भुताला कोणीही घाबरत नाही. घाबरतात ते खड्ड्याला.

उत्तर मला कोड लिहिता लिहिताच सापडले, आणि ते अगदी व्यवहारी आहे. भूत हा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा शत्रू आहे. पळणारा माणूस दाखवायचा तर त्याच्या पावलांची निदान सहा-आठ चित्रे काढावी लागतात, ती ठरावीक गतीने बदलावी लागतात, आणि पाऊल जमिनीवर टेकलेले असताना जमीन मागे सरकण्याचा वेग चुकला तर तो माणूस घसरत असल्यासारखा दिसतो. भुताला पावलेच नसतात. कमरेखाली विरळ होत गेलेले एकच चित्र घ्यावे, साइनच्या वक्राप्रमाणे, म्हणजे लाटेसारखे, ते थोडे वर-खाली डोलवावे, की भूत तयार. ते भिंतीतून जाते, म्हणून भिंतीशी त्याची टक्कर तपासण्याची गरज नाही. ते अर्धपारदर्शक असते, आणि कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र रंगवायच्या पृष्ठभागावर) पारदर्शकता बदलणे एका ओळीचे काम आहे. ते मेल्यावर (हा शब्द इथे जरा विचित्र वाटतो, पण दुसरा सुचत नाही) प्रेत मागे उरत नाही. ते विरून जाते.

या विरून जाण्याचा फायदा केवळ चित्रापुरता नाही. ब्राउझरमध्ये दर सेकंदाला साठ वेळा पडदा नव्याने रंगवायचा असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला, एकेका रंगवलेल्या चित्राला, साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात नव्या वस्तू सतत निर्माण केल्या आणि जुन्या टाकून दिल्या, तर जावास्क्रिप्टचे, म्हणजे ब्राउझरमधले प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात तिचे, इंजिन मध्येच स्मृतीची साफसफाई करायला थांबते आणि पळणारा माणूस नेमका उडीच्या क्षणी अडखळतो. म्हणून जाणते लोक आरंभीच वीस-पंचवीस भुते तयार करून ठेवतात. मारलेले भूत नष्ट होत नाही, ते पडद्याआड जाऊन रांगेत उभे राहते आणि थोड्या वेळाने उजवीकडून नवे म्हणून परत येते. १९८० साली नामको कंपनीसाठी तोरु इवातानी यांनी केलेल्या ‘पॅक-मॅन’मध्ये हा व्यवहार खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखतच चालतो. त्यात चारच भुते असतात. एखादे खाल्ले तर त्याचे नुसते डोळे उरतात, ते घरी परततात, आणि तेच भूत पुन्हा बाहेर पडते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खरा पुनर्जन्म कुठे असेल तर तो हा.

आणखी एक सोय म्हणजे भूत कुठून आले हे कोणी विचारत नाही. कॅपकॉमच्या १९८५ सालच्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’मध्ये आर्थर नावाचा सरदार स्मशानातून भाले फेकत पळतो आणि झोंबी त्याच्या पुढ्यात, मागे, कधी अगदी पायांशी जमिनीतून वर येतात. तो खेळ अनंत नव्हता; उलट तो एकदा संपवला की पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावणारा, कमालीचा खडूस खेळ होता. पण पळणे, फेकणे आणि भुते ही तिन्ही त्यात एकत्र आलेली आहेत, आणि ज्या खेळाला दर दोन सेकंदांनी समोर नवा शत्रू लागतो त्याला जमिनीतून उगवणाऱ्या शत्रूइतका उपयोगी दुसरा कोण? दरोडेखोर उगवला असता तर त्याच्यासाठी झाड, दार किंवा वळण दाखवावे लागले असते.

आता पळण्याविषयी, कारण खेळाचा जीव तिथे आहे. या प्रकाराला आजचे रूप आले ते २००९ सालच्या ‘कॅनाबाल्ट’मुळे, असे मला वाटते. ॲडम सॉल्ट्समन यांचा हा खेळ एकाच कळीवर चालतो. कोसळत्या शहरात एक माणूस छपरांवरून पळत सुटलेला असतो, त्याचा वेग आपोआप वाढत जातो, आणि आपल्या हाती फक्त उडी असते. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पहिल्यांदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्या चौदांत हा एक होता. मूळ खेळ फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ आणि चलचित्रे चालवणाऱ्या तंत्रात, होता. अडोबीने २०२०च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्या काळातले ब्राउझरमधले बरेचसे भुताटकीचे खेळ त्याबरोबर पडद्याआड गेले.

ज्याला हा प्रकार आतून समजून घ्यायचा आहे त्याने मात्र क्रोमचा डायनासोर उघडून पाहावा. इंटरनेट बंद पडले की दिसणारा हा खेळ २०१४ साली आला, आणि त्याचा कोड क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या प्रकल्पाच्या, खुल्या भांडारात कोणालाही वाचता येतो. मी तो कादंबरीसारखा वाचला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पट ६०० पिक्सेल रुंद आहे. आरंभीचा वेग दर फ्रेमला ६ पिक्सेल, कमाल वेग १३, आणि दर फ्रेमला वेगात पडणारी भर ०.००१. म्हणजे ६ वरून १३ वर पोहोचायला ७००० फ्रेम, अर्थात दोन मिनिटांना थोडा कमी वेळ लागतो. डायनासोर डाव्या काठाजवळ उभा असल्याने अडथळा म्हणून येणारा निवडुंग पडद्यावर उगवल्यापासून त्याच्यापर्यंत पोहोचायला सुरुवातीला सुमारे १.४ सेकंद लागतात. कमाल वेगाला हा अवधी जेमतेम ०.६५ सेकंद उरतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायलाच माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, हे लक्षात घेतले की उरलेला वेळ किती थोडा आहे ते कळते. उडणारा टेरोडॅक्टिल वेग ८.५ झाल्याशिवाय येतच नाही, आणि तो तीन वेगवेगळ्या उंचींवरून येऊ शकतो. सर्वांत सुंदर गोष्ट अशी की दोन अडथळ्यांमधले किमान अंतर वेगाबरोबर वाढते. निवडुंग कितीही यदृच्छेने उगवत असले तरी उडी मारून खाली येण्याइतकी जागा खेळ राखून ठेवतो. खेळणाऱ्याला हे दिसत नाही, त्याला फक्त असे वाटते की हरलो तो आपल्याच चुकीने, आणि म्हणूनच तो पुन्हा स्पेसबार दाबतो.

या नेमक्या हिशेबात बंदूक आली की सगळे विसकटते. निवडुंग हा कायदा असतो. त्यावरून उडी मारावीच लागते. ज्यावर गोळी झाडता येते असा अडथळा वाटाघाटीला तयार असतो, आणि वाटाघाट फार सोपी झाली तर कोणी उडीच मारत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या हाफब्रिक स्टुडिओने २०१० मध्ये ‘मॉन्स्टर डॅश’ नावाचा खेळ काढला. तो ब्राउझरचा नव्हे, आयफोनचा खेळ होता, पण पळणे, गोळीबार आणि भुताटकी यांचे इतके स्वच्छ मिश्रण मला दुसरीकडे दिसलेले नाही. डाव्या अंगठ्याने उडी, उजव्याने गोळी. समोरून झोंबी, व्हॅम्पायर, ममी. गुण मात्र अंतराचे. किती मारले याला दुय्यम महत्त्व, किती दूर गेलो याला खरे. हा निर्णय दिसायला क्षुल्लक आहे, पण खेळाचा तोल त्यावरच टिकतो, कारण मारण्याला गुण दिले की खेळणारा शिकारी होतो आणि पळणे ही त्याची अडचण होऊन बसते. याच खेळातले मशीनगन लावलेले जेटपॅक (पाठीवर बांधून उडायचे यंत्र) पुढच्या वर्षी स्वतंत्र होऊन ‘जेटपॅक जॉयराइड’ झाले आणि त्याने आपल्या जन्मदात्याची ओळख पुसून टाकली.

माझ्या खेळात गोळीने मला सर्वांत जास्त दमवले. अशा खेळात पळणारा माणूस खरे तर जागचा हलत नाही, जगच डावीकडे सरकते. भूत त्या जगाच्या वेगात स्वतःचा वेग मिळवून येते आणि गोळी उलट दिशेने निघते. दोघांचे वेग एकमेकांत मिळतात. पुढे पुढे हा सापेक्ष वेग दर फ्रेमला तीस पिक्सेलच्या वर जातो आणि भूत वीस पिक्सेल रुंद असेल तर एका फ्रेमला गोळी भुताच्या अलीकडे असते आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे. मध्ये टक्कर अशी होतच नाही. माणसांचा खेळ असता तर हा ढोबळ दोष ठरला असता. भुतांच्या खेळात गोळी आरपार जाणे हे शास्त्राला धरूनच आहे, असे म्हणून मला तो तसाच ठेवण्याचा मोह झाला होता. पण खेळणाऱ्याला शास्त्राशी देणेघेणे नसते, त्याला न्याय हवा असतो. म्हणून गोळीच्या आधीच्या आणि आताच्या जागेला जोडणारी रेघ भुताला छेदते का, हे आता तपासले जाते. शिवाय दोन गोळ्यांमध्ये सक्तीची विश्रांती ठेवली आहे, कारण कळ दाबून धरून अखंड गोळीबार करता आला की तो गोळीबार उरत नाही, नुसता आवाज उरतो.

इतके झाल्यावर खरी अडचण उभी राहिली. खेळातली भुते आपली असावीत, असे माझ्या मनात होते. माझे आजोळ वेंगुर्ले तालुक्यातले, त्यामुळे भुतांच्या बाबतीत मी दरिद्री नाही. कागदावर यादी केली: मुंजा, समंध, गिऱ्हा, अळवंतीण, चकवा, आणि सगळ्यांचा राजा वेताळ. चित्रेही काढायला घेतली. आणि मग एकेकावर गोळी झाडून पाहताना हात थबकू लागला.

मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंज होण्याआधी वारलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. अळवंतीण म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई. समंधाची काहीतरी इच्छा मागे राहिलेली असते, गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेला असतो. यांतल्या प्रत्येकाला पूर्वायुष्य आहे, आणि ते कोणाच्या तरी घरात घडलेले आहे. ज्या काळी बाळंतपणात बायका सर्रास दगावत त्या काळाने अळवंतीण घडवली. तिच्यावर दर तीन सेकंदांनी गोळी झाडून गुण मिळवायचे, आणि ती विरून रांगेत उभी राहून पुन्हा यायची, ही कल्पना मला खेळाच्या पातळीवरसुद्धा सहन होईना. झोंबीचे तसे नसते. झोंबीला नाव नाही, गाव नाही, आणि तो एकटा कधीच येत नाही. म्हणूनच बंदुकीच्या खेळाला तो इतका मानवतो. यंत्राला पाहिजे असते एकसारखे, पुन्हा पुन्हा वापरता येणारे भूत, आणि आपल्याकडे प्रत्येक भुताची कैफियत वेगळी आहे.

दुसरे असे की आपल्या भुतांशी भांडण होत नाही, देवघेव होते. कोणी नारळ मागतो, कोणी भात, कोणी राहून गेलेले कार्य पुरे करून घेतो. वेताळाची गोष्ट तर फारच वेगळी. शिरोड्याजवळच्या आरवलीचा वेतोबा हा ग्रामदेव आहे. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि तो रात्री त्या घालून गावाची राखण करत हिंडतो म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यात आमोण्याला त्याला बेताळ म्हणून पुजतात. अशा देवाला शेवटचा मोठा शत्रू करून त्याच्या डोक्यावर आयुष्याची लाल पट्टी लावणे हा केवळ अविचार झाला असता असे नव्हे, ते त्या गोष्टीचे चुकीचे वाचनही झाले असते. फिरतो तोच आहे. पळणाऱ्याने त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे आहे.

बंदुकीऐवजी अंगारा फेकणारा मांत्रिक नायक करावा, असे एका स्नेह्याने सुचवले. दिसायला ते झकास दिसले असते. पण ज्या राज्यात जादूटोण्याच्या नावाने होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, आणि त्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला, तिथे मांत्रिकाला नायकपण देण्याची माझी तयारी नाही. भुतांच्या गोष्टी मला आवडतात. भुते उतरवून पोट भरणाऱ्यांविषयी मला काडीचे प्रेम नाही.

तेव्हा माझ्या खेळात गोळ्या खातात ती निनावी, बिनचेहऱ्याची धुरकट भुते. त्यांना मी कोणत्याही परंपरेतले नाव दिलेले नाही आणि देणारही नाही. यादीतले बाकीचे सगळे कागदावरच राहिले, एक सोडून. तो म्हणजे चकवा.

चकवा कोणाला मारत नाही, कोणाच्या अंगात येत नाही, आणि बहुधा तो दिसतही नाही. तो फक्त वाट चुकवतो. रात्री शेतावरून निघालेला माणूस घराच्या दिशेने चालतो आहे असे समजून त्याच बांधाला, त्याच झाडाला रात्रभर फेऱ्या घालत राहतो. हे ऐकून अनंत पळापळीचा खेळ लिहिणाऱ्या कोणालाही हसू येईल, कारण आम्ही नेमके हेच करतो. मागची टेकडी, वड, देवळाचे शिखर ही सगळी एकाच लांब चित्रपट्टीवर काढलेली असतात. पट्टी संपली की तिचीच दुसरी प्रत तिला जोडायची, सांधा दिसू द्यायचा नाही, आणि जवळच्या गोष्टी वेगाने व दूरच्या सावकाश सरकवायच्या. खेळणारा हजारो मीटर पळाला असे आकडा सांगत असतो, पण तो त्याच वडाखालून किती वेळा गेला ते फक्त मला माहीत असते. अनंत धावेचा प्रत्येक खेळ हा चकवाच आहे, फक्त तो कबूल करत नाही.

म्हणून मी तो कबूल करायचे ठरवले. ठरावीक अंतरानंतर, कोणतीही सूचना न देता, माझा खेळ चकव्यात शिरतो. भुते येणे थांबते. चित्रपट्टी आखूड होते, इतकी की तोच वड आणि त्याखालचा तोच शेंदूर लावलेला दगड थोड्या थोड्या वेळाने समोर येत राहतो. माणूस पळतच असतो, वेग वाढतच असतो, आणि वरच्या कोपऱ्यातला अंतराचा आकडा जिथल्या तिथे थांबलेला असतो. गोळी झाडून काही होत नाही. उडी मारूनही काही होत नाही.

चकव्यातून सुटण्याचा उपाय माझ्या आजोळी सगळ्यांना पाठ होता: धावपळ करू नये, आहे तिथे बसून राहावे, आणि फटफटले की वाट आपोआप दिसते. हा उपाय अनंत धावेच्या खेळात बसवणे अवघड जाते, कारण थांबणे ही एकच गोष्ट या प्रकारात नसते. माझ्याकडे वाकण्यासाठी खालच्या बाणाची कळ होतीच, उडत्या भुतांखालून निसटण्यासाठी. एरवी ती दाबून धरली तर पुढच्याच दगडावर आपटून खेळ संपतो. चकव्यात मात्र ती चार सेकंद दाबून धरली की माणूस वाकता वाकता खाली बसतो, जग सरकायचे थांबते, आकाशाचा रंग हळूहळू उजळतो आणि आकडा पुन्हा चालू लागतो. ज्या कळीने इतका वेळ मरण येत होते तीच दाबून धरण्याचा धीर खेळणाऱ्याला व्हावा, एवढीच त्यात मेख आहे.

तो बहुतेकांना होत नाही. भाचीला पहिल्यांदा खेळायला दिले तेव्हा ती चकव्यात बराच वेळ पळत राहिली, सगळ्या गोळ्या संपवल्या आणि म्हणाली, “मामा, तुझा गेम हँग झालाय.” मी म्हटले, “झालेला नाही.” तिने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि सरळ पान रिफ्रेश केले. इतरांनीही बहुधा तेच केले. खेळ अडकला असे वाटले की ब्राउझरमधला माणूस दुसरे काय करणार? म्हणून आता अंतर, उरलेल्या गोळ्या आणि आपण चकव्यात आहोत की नाही ही नोंद ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात लिहून ठेवली जाते, आणि पान पुन्हा उघडले की खेळ त्याच वडापासून सुरू होतो. भाचीला हे अजिबात आवडलेले नाही. फोनवर मात्र बोट दाबून धरले की काही ब्राउझर स्वतःचाच मेनू उघडतात आणि माणूस बसायच्या आत उठून पळू लागतो. तो मेनू अडवण्याचे काम अजून बाकी आहे.